वाचून दाखवलं, बरोबर आहे

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. बारावीची सराव परीक्षा सुरू होती आणि मी फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होतो. खिशात फोन थरथरला. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोन ओळी होत्या: सर पहाटे मानोऱ्याला राहत्या घरी गेले, अंत्यविधी दुपारी. त्या वाचून मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण न लिहून चालायचंही नाही. मला हायसं वाटलं. फार तर अर्धा मिनिट. आता त्यांना कधीच काही सांगावं लागणार नाही, असं मनात येऊन गेलं. मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं पुरवणी मागितली, ती द्यायला मी वाकलो आणि तिथंच मला रडू फुटलं. मुलं घाबरली. परीक्षेत रडायचं काम एरवी त्यांच्याकडे असतं.

मी रिसोडला इतिहास शिकवतो. मूळचा इंझोरीचा, कास्तकाराच्या घरचा. शिकलो मानोऱ्याच्या कॉलेजात, आणि इतिहासाकडे वळलो तो निव्वळ या माणसामुळं. नाहीतर मी डी.एड.चा फॉर्म भरून ठेवला होता.

सर बुटके होते. बारा महिने पायात चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत रेघांचे कागद, दोन पेन्सिली आणि शिक्क्याला लागतं ते निळ्या शाईचं पॅड. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्या गावातली सगळ्यात जुनी विहीर कोणी खोदली?" साठ पोरांत एकालाही येईना. एकानं धीर करून कुठल्याशा राजाचं नाव ठोकून दिलं. सर म्हणाले, "राजा तुझ्या गावी कुदळ घेऊन आला होता का रे?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि एकेकाला वाटायला सुरुवात केली.

त्यांची पद्धत अशी होती. प्रत्येकानं आसपासच्या गावातलं किंवा तांड्यावरचं एक म्हातारं माणूस गाठायचं. त्याच्यासमोर बसायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं. घरी येऊन लिहायचं. आठ दिवसांनी पुन्हा जायचं आणि लिहिलेलं सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. शेवटी विचारायचं, "बरोबर आहे का?"

"हा प्रश्न विचारला की तोंड मिटायचं," सर म्हणायचे. "समोरचा बोलेपर्यंत मिटलेलंच ठेवायचं. मधे 'असंच ना?' म्हणायचं नाही. मान डोलवायची नाही. माणसं भिडेखातर हो म्हणतात. त्यांना वेळ द्या."

तो चूक सांगेल तिथं पेन्सिलनं एक रेघ मारायची आणि वर दुरुस्ती लिहायची. खोडरबर वापरायचं नाही, खालची चूक वाचता आली पाहिजे. सगळं जुळलं की कागदाच्या तळाशी एक ओळ लिहायची: वाचून दाखवलं, बरोबर आहे. त्याखाली सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा. ती ओळ आणि तो अंगठा नसला तर सर कागद हातात घेत नसत. एका पोराला त्यांनी एकाच म्हाताऱ्याकडे सात वेळा पिटाळलं होतं, कारण म्हाताऱ्याला दर खेपेला नवीन काहीतरी आठवायचं. पोरगं रडकुंडीला आलं आणि सर खूश.

माझ्या वाट्याला मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची म्हातारी आली. सरांनी तांड्याच्या नाईकाकडे, म्हणजे तिथल्या प्रमुखाकडे, आधीच निरोप धाडला होता की कॉलेजचा मुलगा येईल. मी जायचं टाळत गेलो. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि एक दिवस सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी म्हातारी कुठवर आली?" दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली.

आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला जातात, लेकरं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, आणि होळीच्या सुमारास परत येतात. बाहेरगावचा पोरगा असता तर तो घरोघरी फिरला असता, कोणी दिसतं का बघितलं असतं. मला सगळं ठाऊक होतं, तिथंच घोटाळा झाला. तांड्याच्या तोंडाशी एक लिंबाचं झाड आहे. तिथं मी सायकल लावली. समोरच्या घरांना कुलपं होती आणि कुलपांवर गंज चढू नये म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या. पहिली सहा-सात दारं मी उभ्यानंच पाहिली. घरं पुढं टेकडीवर चढत गेली होती. वरून कोणीतरी शेळ्यांना हाका मारत असल्यासारखा आवाज आला. मी वर पाहिलं, उन्हानं डोळे दिपले, काही दिसलं नाही. असेल एखादा गुराखी, म्हटलं. बाटलीतलं पाणी प्यालो आणि सायकल वळवली.

घरी माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो. शेंगा सोलता सोलता ती तिच्या लहानपणचं सांगत राहिली, दुष्काळात ती गिट्टी फोडायला जायची ते. बोटांना चिंध्या बांधायच्या, तरी संध्याकाळी भाकर मोडताना बोटं उलायची. मुकादमाची शिट्टी वाजली की लहान पोरं भूक लागल्यासारखी रडायची, कारण शिट्टी म्हणजे जेवण एवढंच त्यांना कळायचं. मी ते ऐकलं आणि आत जाऊन लिहून काढलं. फक्त सांगणारी बदलली. इंझोरीच्या मायऐवजी तांड्यावरची म्हातारी. पेन्सिलच्या दोन दुरुस्त्याही मुद्दाम केल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून. शेवटी ओळ लिहिली, वाचून दाखवलं, बरोबर आहे. आणि सरांकडून आणलेल्या पॅडवर माझा डावा अंगठा टेकवून खाली उमटवला.

सरांनी तो कागद स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचला. मग खुर्चीत बसून परत वाचला. त्यांनी कागद उलटा केला आणि मागं लाल पेननं एक शब्द लिहिला: छान.

सर कोणाच्याच कागदावर काही लिहीत नसत. तो शब्द कॉलेजभर झाला. त्या शब्दावर मी पुढं एम.ए. झालो, नोकरीला लागलो, लोकांच्या पोरांना इतिहास म्हणजे काय ते सांगायला लागलो. बाबांनी एम.ए.ला नाही म्हटलं तेव्हा सर एसटीनं इंझोरीला आले. दुपारभर खळ्यात बसले, सोलेभाजी, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, आणि भाकर खाल्ली, आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या पोराले ऐकता येते. असे पोरं मले पंधरा वर्सांत दोन भेटले." मी मागं बैलांना चारा टाकत होतो. त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही. बाबांना वाटलं पोरगं लाजतं.

दर वर्षी ते नवीन पोरांना तो कागद वाचून दाखवायचे. एकदा कुठल्याशा परिषदेत मोठ्या विद्वानांनी सरांच्या या कामाला बायाबापड्यांच्या गप्पा म्हणून हिणवलं. सरांनी वाद घातला नाही, पिशवीतून माझा कागद काढून वाचला. परत आल्यावर मला फोन केला. "सगळे गप बसले रे," म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा आनंदला होता. मी म्हटलं, "हो सर." दुसरं काय म्हणणार?

सांगायचा प्रयत्न मी केला, नाही असं नाही. एकदा त्यांच्या घरी गेलो तर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ताट वाढलं. जेवल्यावर सांगू म्हटलं, आणि जेवल्यावर सर झोपले. एकदा बसस्टँडवर सांगणार तर माझी गाडी लागली. खरं म्हणजे पुढची गाडी अर्ध्या तासानं होती, पण मी पळत जाऊन चढलो. शेवटच्या खेपेला, गेल्या उन्हाळ्यात, ते स्वतःच म्हणाले, "तुला काही बोलायचं आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, तब्येतीची काळजी घ्या." त्यांनी पुढं काही विचारलं नाही, तोंड मिटून माझ्याकडे पाहत राहिले. मीही बराच वेळ चपला शोधत राहिलो, त्या दारातच होत्या.

तेरवी झाली आणि चार दिवसांनी काकूंचा फोन आला. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं की कॉलेजच्या सभागृहात सरांसाठी कार्यक्रम करायचा. भाषणं कमी. सरांनी जपून ठेवलेले कागद फ्रेममध्ये लावून ज्यांच्या आजा-आजीचे आहेत त्या घरांना द्यायचे. निवडून एक्केचाळीस काढले होते.

"आणि तू बोलायचं आहेस," काकू म्हणाल्या. "तुझा कागद सगळ्यात आधी. ते नेहमी म्हणायचे."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन अंगठा पाहिला. माझ्या डाव्या अंगठ्यावर एक तिरपा वण आहे, सोयाबीन काढताना विळा लागला होता तो. ठशात तो वण पांढऱ्या रेघेसारखा उमटला असणार हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं. सुचलं तेव्हापासून मी अंगठा मुठीत धरून वागायला लागलो. खडू धरताना, भाजी घेताना, गाडीवर बसताना. बायको म्हणाली, "काहून हो, हात दुखते का? दोन दिवसांपासून पाहून राह्यली मी, जेवन बी नाही तुमचं."

तिला मी सगळं सांगितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदाच. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले कायले सांगता? ज्याचा अंगठा होता त्याले सांगा ना." मग कणीक मळायला गेली. मला तिचा रागच आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

फ्रेमला द्यायचे कागद आणायला मानोऱ्याला गेलो. काकूंनी गठ्ठा पुढं ठेवला, माझा सगळ्यात वर. मी तो उलटा करून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. कुठं पेन्सिलची बारीकशी खूण, एखादं प्रश्नचिन्ह, सरांना संशय आला होता असं दाखवणारं काहीही सापडलं असतं तर मी सुटलो असतो. ते कळूनही मला सांभाळत होते, असं मानून घेता आलं असतं. तसलं काही नव्हतं. लाल शाईत तेवढा एकच शब्द होता. त्यांनी माझ्यावर सरळ विश्वास ठेवला होता.

आणि ठशात पांढरी तिरपी रेघ होती. स्पष्ट.

पुढचे दहा दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सांगितलं तर माझं काय व्हायचं ते होवो. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, कॉलेजात पोरं मागून अंगठा दाखवतील, ठीक आहे. पण सरांचं काय? एक अंगठा खोटा निघाला तर उरलेल्या चाळिसांवर कोण विश्वास ठेवील? ज्यांनी त्यांना हिणवलं ते म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. माणूस जाऊन दीड महिना होत नाही तोच त्याच्याच कार्यक्रमात त्याच्या कामावर शाई ओतणारा मी कोण? आणि न सांगावं, तर तांड्यावरच्या कुणाच्या तरी भिंतीवर माझा अंगठा त्यांच्या म्हातारीचा म्हणून लागणार, त्याला हार घालतील, सणावाराला कुंकू लावतील. दोन्हीकडून माझीच मान अडकली होती. झोप उडाली. वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, पुरावा म्हणजे काय?" मी त्याला पुस्तकाचं पान सांगितलं आणि खाली बसलो.

शेवटी माझा कागद फ्रेममध्ये बसवून घेतला, ती फ्रेम कापडात गुंडाळली आणि निघालो. रिसोडहून वाशीम, वाशीमहून मंगरुळपीर, तिथून मानोरा, आणि पुढं जीपनं तांड्याच्या फाट्यावर. त्या दिवसांसारखीच थंडी होती. तांडा तसाच बंद. आता पुष्कळ घरं सिमेंटची झालीत, कुलपं मात्र तशीच, चिंध्या बांधलेली. लिंबापाशी थांबलो. या खेपेला मी प्रत्येक दार पाहत वर चढलो. शेवटच्या घराचं दार उघडं होतं.

अंगणात पासष्टीची एक बाई पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. मी म्हातारीचं नाव घेतलं.

"माही सासू होती," ती म्हणाली. "बसा ना. तुमी कोन?"

मी सांगितलं, रिसोडहून आलो, कॉलेजच्या सरांचा विद्यार्थी, सर गेले आणि आठवड्यानं कॉलेजात त्यांच्यासाठी कार्यक्रम आहे. तिनं पाणी दिलं. मी फ्रेमचं कापड काढलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती सरळ तळाशी पाहू लागली, ठशाकडे.

"हा बुढीचा अंगठा?" ती म्हणाली. तिनं पदरानं काच पुसली. "तिचा फोटो बी नाही आमच्यापाशी. तिकडं कारखान्यावरच वारली ना ते, तिकडंच मातीत गेली. काही राह्यलं नाही तिचं." मग बोटानं काचेवरून तो ठसा ती हळूहळू गिरवू लागली.

मला वाटलं आत्ता उठावं आणि पळावं. फाट्यावर जीप असेल. आजवर मी तेच तर केलं होतं.

"तो तिचा नाही," मी म्हटलं. "माझा आहे."

तिला कळलंच नाही. मी मूठ उघडली आणि अंगठा पुढं केला. वणावर बोट ठेवून दाखवलं, मग काचेतली रेघ दाखवली. सगळं सांगितलं. तांडा बंद दिसला, मी परत गेलो, माझ्या मायचं ऐकलेलं तुमच्या सासूच्या नावानं लिहिलं. तिनं माझा अंगठा हातात धरून उन्हात पाहिला, मग ठसा पाहिला, मग पुन्हा अंगठा. दाणा चांगला आहे का बघावं तसा.

"मंग हे तुमीच ठेवा," असं म्हणून तिनं फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली.

तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "बुढी त्या वर्सी गेलीच नव्हती. पाय मोडेल होता तिचा. आमी समदे गेलो, ते अठीच होती. ह्याच घरात."

मला आधी अर्थच लागेना.

"नाईकानं सांगतलं होतं तिले, कॉलेजातून पोरगा येनार हाये, तुह्यं सांगनं लिहून घेनार हाये. वाट पाहून राह्यली होती. कोनी येनार म्हनून लुगडं बदलून बसे अंगनात. आमी होळीले आलो तवा सांगे, मले विचारायले येनार होते. काय काय सांगाचं ते तिनं ठरवून बी ठेवलं होतं."

"काय ठरवलं होतं?" मी विचारलं.

ती भिंतीला टेकून बसली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. मी पिशवीतून कागद काढला. सासूकडून ऐकलेलं तिनं तासभर सांगितलं. गिट्टी नव्हती त्यात. म्हातारी लहान असताना घरातली माणसं बैलांवर मीठ घेऊन जायची, आणि मिठाच्या गोणीवर बसून तिला आलेली झोप. कोपीत, म्हणजे उसाच्या फडातल्या पाचटाच्या खोपटात, झालेली तीन बाळंतपणं, आणि दर वेळी तिसऱ्या दिवशी पुन्हा फडात. शिवाय टेकडीवरची ती जुनी विहीर, जिचा पहिला दगड म्हातारीच्या सासऱ्यानं काढला होता. विहिरीचं ऐकून माझा हात थांबला. सरांनी पहिल्या तासाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं या अंगणात होतं, आणि मी लिंबापासून परत गेलो होतो.

उठताना मी म्हटलं, "आठ दिवसांनी येऊन वाचून दाखवतो."

"तो कारेक्रम हाये ना तुमचा? मी येतो तठी. तठीच वाचा, समद्यांपुढं," ती म्हणाली. मी वळलो तशी ती आणखी काही बोलणार असं वाटलं. पण तिनं नुसता पदर सारखा केला आणि म्हणाली, "चहा राह्यला तुमचा."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच मी काकूंना गाठलं. "काकू, मला बोलायचं आहे." त्या हार मोजत होत्या. "अरे, नंतर सांग, पाहुणे आले." सभागृह भरलं. सरांच्या फोटोपुढं त्यांची कापडी पिशवी ठेवली होती, आत पॅड आणि पेन्सिली तशाच. पहिल्या रांगेत काकू. तिसऱ्या रांगेत कडेला तांड्यावरची ती बाई, नातवाच्या खांद्याला धरून आली होती. परिषदेतल्या त्या विद्वानांपैकीही एक-दोघे होते. भाषणाच्या कागदावर मी सरांविषयी चांगली चांगली वाक्यं लिहून आणली होती. ती मी वाचली नाहीत.

मी फ्रेम वर धरली आणि सांगितलं की हा ठसा माझा आहे. मूठ उघडून अंगठा दाखवला. सभागृहात कुजबुज झाली, मग तीही थांबली. काकूंनी मान खाली घातली आणि वर केलीच नाही. मी म्हटलं, सरांनी चाळीस कागद तपासून घेतले, एकाच पोरावर डोळे मिटून विश्वास ठेवला. खोटा तेवढा एक निघाला. उरलेल्या चाळिसांपैकी कुठलंही घर गाठा, कागद वाचून दाखवा आणि विचारा. सरांनी तीच पद्धत घालून दिली आहे. मी आज तेच करणार आहे, उशिरा.

मग मी नवा कागद काढला आणि तिच्याकडे वळून वाचू लागलो. मिठाचे बैल, कोपी, विहीर. शेवटी लिहिलं होतं: "त्या वर्षी कॉलेजचा मुलगा येणार म्हणून ती अंगणात वाट पाहत बसली. कोणी आलं नाही."

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

आणि तोंड मिटलं. मान डोलवली नाही. पंख्याचा आवाज येत होता. ती बोलेना. सगळं सभागृह तिच्याकडे पाहत होतं. असंच ना, हे शब्द ओठांशी आले होते, ते मी गिळले. सरांना हे कसं जमायचं कोण जाणे.

"एक चुकलं," ती म्हणाली.

मी पिशवीतली सरांची पेन्सिल घेतली.

"त्या दिवशी तुमी घरी पाहुने होते, म्हनून मी बोलली नाही. आता विचारता म्हनून सांगतो. कोनी आलं नाही, असं नाही. पोरगा आलता. लिंबापाशी सायकल लावून उभा होता. बुढीले उठता येत नव्हतं, तिनं बसल्या जागून आवाज देला. दोन डाव देला. पोरानं वर पाह्यलं बी. मंग पानी पेला आन् चालला गेला. मरेपर्यंत सांगे ते, मले पाहून गेला म्हने."

मी 'कोणी आलं नाही' यावर एक रेघ मारली. खालची अक्षरं वाचता येतील अशी. वर लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: "मुलगा आला होता. तिने त्याला दोनदा हाक मारली. त्याने वर पाहिले आणि तो परत गेला."

"बरोबर आहे का?"

"हो," ती म्हणाली. "आता बराबर हाये." आणि अंगठा लावायला ती खुर्चीतून उठू लागली.